बिलकीस मॅडमचा रशिया

भूकंपाच्या पहाटे लातूरच्या त्यांच्या गल्लीतला जो तो हाताला लागेल ते घेऊन बाहेर पळाला. बिलकीसच्या काखेत होती एक जाडजूड रशियन कादंबरी. अम्मीनं कपाळाला हात लावला. "दागिने आत ऱ्हायले, अन् ही रशिया वाचवून राहिली!"

पुढची कैक वर्षं बिलकीस त्या रशियातच राहिली. दिवसा भागवतसरांच्या क्लासमध्ये डॉक्टर होऊ घातलेल्या पोरांना इंग्रजी शिकवायचं आणि उरल्या वेळात युरोपातल्या कादंबरीकारांवर प्रबंध लिहायचा. नांदेडच्या विद्यापीठानं अखेर पीएचडी दिली, तेव्हा तिच्यापेक्षा भागवतसरच जास्त हरखले. त्यांनी क्लासबाहेर फलक लावला : 'रशिया! डॉ. बिलकीस मॅडम यांचं मार्गदर्शन.'

रविवारी हॉल खच्चून भरला. कादंबरीला एवढे रसिक? बिलकीसला भरून आलं. बर्फानं वेढलेली हवेली आणि म्हाताऱ्या सरदाराच्या गळ्यात बांधलेली जमीनदाराची लेक, असं तिनं रंगवून सांगायला घेतलं.

तोच जळकोटचे गुरुपादप्पा उठले. "मॅडम, हॉस्टेलात गरम पाणी मिळतं का?"

"कुठल्या हॉस्टेलात?"

"एमबीबीएसच्या! आमच्या तनुजाला धाडायचं हाय न्हवं रशियाला."

बिलकीसचे कान तापले. भागवतसर फळ्याकडे तोंड करून खडू शोधू लागले.

"माफ करा," ती म्हणाली, "मी रशिया पाहिलेला नाही. तिथल्या जुन्या कादंबऱ्या तेवढ्या वाचल्यात."

खुर्च्या करकरल्या, माणसं उठली. तेवढ्यात गुरुपादप्पांची बायको मल्लम्मा कडाडली, "बसा की खाली! त्या जमीनदाराच्या लेकीचं काय झालं ते तर ऐकू द्या."

निम्मी माणसं बसली. बिलकीस प्रबंध विसरून सांगत गेली. लेक प्रियकराबरोबर पळाली, तो भेकड निघाला, ती क्षयानं खंगून गेली. बायकांचे पदर डोळ्यांना लागले.

गुरुपादप्पा गंभीर झाले. "बरं झालं सांगितलं. असल्या मुलखात पोर धाडायची न्हाई."

"अप्पा, ती गोष्ट हाय!" शेजारी बसलेली तनुजा रडकुंडीला आली.

"असंल. पण थंडी खरीच हाय न्हवं?"

मग न पाहिलेल्या देशाची वकिली करता करता बिलकीसचा घसा बसला. तिथं आता क्षयावर औषध आहे, हे सांगितल्यावर कुठे गुरुपादप्पा विरघळले. तनुजा रशियाला गेली.

मल्लम्मा मात्र दर रविवारी क्लासवर येऊ लागली. येताना आणखी दोघी-तिघींना आणायची आणि पुढच्या बाकावर ऐसपैस बसून बजावायची, "मॅडम, आज दुसरी सांगा. पण पोरगी जगली पाहिजे, हाव का?"

बिलकीस घरी कपाट धुंडाळू लागली. तशी कादंबरी सापडणं लई अवघड होतं.