जिप्समच्या कोब्याची तराई

हे अजून कुणाच्या कानावर घातलेलं नाही. बायकोच्याही नाही — आणि ती अशी बाई आहे की माझ्या चपला काढण्याच्या आवाजावरून साइटवर काय बिनसलं ते ओळखते. हे मात्र तिला ओळखता आलं नाही. त्या वर्षी मी बहुतेक चपलाही जपून काढत होतो.

राजापेठेत माझं टाइल्स बसवून देण्याचं काम आहे. मला एक खोड लागली आहे. कुठेही गेलो — लग्नाचा हॉल, दवाखाना, पोरीची ट्यूशन — की वाकून बोटाच्या पेरानं जमीन वाजवतो. भरीव आवाज आला की पुढची टाइल. पोकळ आला की तिथून पाय निघत नाही. लोक हसतात, धंद्याची सवय म्हणतात. म्हणू द्या. सवय नाही ती.

बघा, मी पुन्हा दुसरीकडेच चाललो. आधी एक शब्द सांगतो — तराई. नव्या सिमेंटला पाणी पाजायचं, त्याला आमच्याकडे तराई म्हणतात. वऱ्हाडातल्या उन्हात पाणी मिळालं नाही तर सिमेंट तडकतं, म्हणून आम्ही पाण्याच्या बाबतीत वेडे. स्लॅब असो, प्लास्टर असो, जमिनीवरचा कोबा असो — नवं काही दिसलं की हात आपोआप पाइपाकडे जातो. माझे वडील गवंडी होते. ते ताटावरून उठून तराई करायला जायचे. हे मी सबब म्हणून सांगतोय का? नाही. हाताची चूक नुसती चूकच राहिली असती, तर हे लिहायला बसलोच नसतो.

अकोल्यात एका निवृत्त नर्सबाईंचं काम घेतलं होतं. त्यांना सगळे सिस्टर म्हणतात. गल्लीत कुणाला इंजेक्शन, कुणाची मलमपट्टी — सिस्टरकडेच. मुलगा बुलढाण्याला नोकरीला, सुट्टीपुरता यायचा. घरात त्या आणि त्यांची सून प्रणिता, नुकतंच लग्न होऊन आलेली. दोघींच्या हसण्याचा आवाज वरच्या मजल्यापर्यंत यायचा. त्या सासू-सून आहेत हे मला बऱ्याच उशिरा कळलं. मी मायलेकीच समजत होतो.

जुन्या घरावर नवा मजला चढवला होता आणि मुलानं हट्टानं जिप्समचा कोबा ठरवला होता — ओतला की आपोआप सपाट होतो तो. मला माल माहीत होता. डीलरनं आम्हा ठेकेदारांना बोलावून शिकवलं होतं, वर जेवणही घातलं होतं. याला तराई नाही. उलट पूर्ण सुकू द्यायचा. सुकला की वर धरलेली मऊ साय घासून काढायची, धूळ ओढून घ्यायची, प्रायमर मारायचा, मगच टाइल. आत ओल राहिली आणि प्रायमर नसला, तर जिप्सम आणि टाइलखालचं सिमेंट यांचं जमत नाही. मधला थर फुगतो आणि टाइल सुटते. हे सगळं मी मान डोलावत ऐकलं होतं. मान डोलवायला काय जातं?

कोबा ओतला. दुसऱ्या दिवशी भर दुपारी वर गेलो. पत्रे तापलेले, कोबा पांढराफटक, आणि मी फोनवर कुणाशी तरी तावातावानं भांडत होतो. भांडता भांडता पाइप धरला. खोलीभर पाणी मारलं. पायाला पांढरा चिखल लागला तेव्हा भानावर आलो.

तेव्हाही वेळ गेली नव्हती. थांबायचं, सुकू द्यायचं, एवढंच. पण नव्या मजल्यावर बुद्धवंदना ठरली होती, भंतेजींना निमंत्रण गेलं होतं, अचलपूरचे पाहुणे यायचे होते. पुढे ढकला म्हणून सांगायचं — आणि का म्हणून विचारलं तर? इतकी वर्षं धंद्यात असलेला माणूस कोब्यावर पाणी मारून बसला, हे कोणत्या तोंडानं सांगायचं? मी पंखे लावले. प्लास्टिकचा तुकडा कोब्यावर चारी बाजूंनी चिकटवून ठेवला. खाली ओल असली की त्याला आतून थेंब धरतात. सकाळी पाहिलं. थेंब होते. मी प्लास्टिक उपटलं, पँटला पुसलं आणि खिशात कोंबलं. साय घासली नाही, कारण ओली साय घासायला गेलं की नुसता लगदा होतो. प्रायमर धरेना, म्हणून तोही सोडला. माझ्या माणसांना म्हटलं, "लावा आता."

वंदना छान झाली. मीही जेवलो.

काही महिन्यांनी फोन आला. टाइल्स उचलल्या होत्या. एकीच्या वर आलेल्या कोपऱ्याला अडखळून सिस्टर हातावर पडल्या होत्या — उजवं मनगट. मी गेलो तेव्हा हात प्लास्टरमध्ये होता आणि प्रणिता त्यांना वरणभात भरवत होती.

"भाऊ, काहून निघून राहिल्या ह्या टाइल्स?" सिस्टरनी विचारलं. आवाजात राग नव्हता. खरंच विचारत होत्या.

मी ठरवून गेलो नव्हतो — एवढं तरी ऐका. खाली बसलो, उगाच चार ठिकाणी वाजवून पाहिलं, आणि तोंडातून निघालं, "पाणी लागलं याले, सिस्टर. कोणी बादलीनं धुतली काय ही खोली?"

यात एक तरी शब्द खोटा आहे का? पाण्यानंच तर झालं होतं.

प्रणिताचा हात तसाच थांबला. "मीच धुतली, आई," ती म्हणाली. "वंदनेच्या दिवशी खीर सांडली होती नं."

बोलायची जागा ती होती. बादलीभर पाण्यानं टाइल सुटत नसते. आपल्याकडे घरोघरी धुतात, कुठे सुटतात? मला चांगलं माहीत होतं. मी काय म्हणालो? "मंग बराबर." एवढंच म्हणालो. हलकं वाटलं मला, खरं सांगतो. सिस्टरनी सुनेकडे पाहिलं आणि पुढचा घास नको म्हणाल्या.

पुढचं ऐकलंत तर तुम्हाला माझा आणखी राग येईल. मी ती खोली पदरमोड करून पुन्हा करून दिली. सगळं उखडलं, नवा कोबा ओतला, नीट सुकू दिला, साय घासली, प्रायमर मारला — शिकवलं होतं तसं, काडीचीही कसर न ठेवता. आणि ती जमीन टिकली. आजही वाजवून बघा, खणखणीत आहे. पण घरच्यांनी त्यातून काय समजावं? पहिल्यांदा प्रणितानं बादली ओतली, टाइल्स गेल्या. दुसऱ्यांदा तिनं बादलीला हात लावला नाही, टाइल्स राहिल्या. माझ्या चांगल्या कामानंच तिच्या माथ्यावर शिक्का मारला. मला मात्र सिस्टरनी अख्ख्या अकोल्यात भला माणूस करून ठेवलं; त्यांच्या शब्दावर मिळालेली कामं मी अजून करतोय.

सिस्टरची बोटं नीट मिटली नाहीत. इंजेक्शनं बंद झाली. वेणी प्रणिता घालते, ब्लाउजची बटणं प्रणिता लावते. भांडण असं कधी झालं नाही त्यांच्यात. फक्त हसणं थांबलं. बाथरूमच्या कामासाठी मी परवा तिथे गेलो, तेव्हा प्रणिता ती वरची खोली पुसत होती — गुडघ्यांवर बसून, फडकं इतकं पिळून की जमिनीवर ओलीचा डागही उमटत नव्हता. तिची लहान मुलगी पेला घेऊन आत आली, तर केवढ्यांदा ओरडली तिच्यावर. नंतर माझ्याकडे बघून ओशाळली. माझ्याकडे बघून! खोली कशी सांभाळली आहे ते मला दिसावं, असं तिला वाटत होतं.

निघताना सिस्टर फाटकापर्यंत आल्या. म्हणाल्या, "लय दिवस मनात धरून होती मी, भाऊ. तुमाले तं माहीतच हाये सगळं. पण आता माफ केलं मी तिले."

प्रणिता मागे दारात उभी होती. तिनं ऐकलं. तिचे डोळे भरून आले आणि तिनं घाईघाईनं ते पदरानं पुसले. इतक्या वर्षांनी सुटल्यासारखा चेहरा झाला होता तिचा.

मी म्हणालो, "मन मोठं हाये तुमचं, सिस्टर." आणि गाडी सुरू केली.