चिकट भात

भात संशोधन केंद्राचे ते साहेब विजापूरकडचे. आमच्या गुंद गावच्या शेतात उतरताना चपला बांधावर काढत आणि रोपांनाच विचारत, "काय रे, तहान लागली?"

कमी पाण्यावर येणारं त्यांचं बियाणं मी अर्ध्या एकरात लावलं. पाऊस लवकर गेला, तरी पीक आलं. पण चव कळल्याशिवाय गावात कोणी ते बियाणं घेणार नव्हतं.

साहेब सगळ्यांसमोर आमच्या ओसरीवर हा नवा भात जेवायला बसले. पहिला घास गिळून माझ्या बायकोला म्हणाले, "खरं सांगतो अक्का, भात चिकट हाय."

मला वाटलं, संपलं.

शेजारची काकी हसली. "मग पेज ब्येस व्हतीय की! सकाळी आमी पेजच पितो न्हवं?" बियाण्यासाठी तिनं लगेच पदर पुढे धरला.

साहेबांनी तोच भात पुन्हा वाढून घेतला.