राजाची वाटी

बिराजदार सरांना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते कुंभारी गावातल्या एका घरात, जमिनीवर मांडी घालून, कुत्र्याचं जेवण बघत बसले होते. पशुवैद्यकीय पदवी घेऊन मी त्याच दिवशी त्यांच्या प्राण्यांच्या दवाखान्यात रुजू होत होते. मनात म्हटलं, जावयाच्या ताटाकडेही कुणी इतकं बघत नाही! जेवणानंतर थोड्या वेळानं तो किरकोळ अंगाचा पॉमेरियन, राजा, भिंतीला डोकं टेकवून उभा राहिला.

"खाल्लं की असंच करतंय बघा. दृष्ट लागली हाय कुणाची तरी," नरसम्मा म्हणाल्या. यंत्रमागावर राबणाऱ्या या बाईंना मूलबाळ नव्हतं. राजाच त्यांचं सगळं.

इतर डॉक्टर अशा कुत्र्याला फिटची औषधं देऊन मोकळे होत. सरांनी मात्र सोनोग्राफीत मूळ शोधलं. जन्मापासूनच एक जादा रक्तवाहिनी यकृताला वळसा घालून जात होती. अन्नातलं विष न गाळताच मेंदूपर्यंत पोहोचत होतं.

ती वाहिनी हळूहळू बंद करायची शस्त्रक्रिया ठरली. नरसम्मा राजाला घेऊन निघताना सर म्हणाले, "लिव्हर कमजोर आहे त्याचं, जपा." नरसम्मांनी जपलं. अशक्ताला आपण पायाचं सूप पाजतो, तशी त्यांनी कमजोर लिव्हरला बकऱ्याची कलेजी शिजवून घातली, वाटी भरभरून. मांस पचताना ते विष सगळ्यात जास्त तयार होतं; नेमकं तेच त्याला भोवलं. शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशी राजा बेशुद्ध होऊन आला आणि सरांच्या हातातच गेला.

"मीच मारलं की वो त्याला!" नरसम्मा वाटी उराशी धरून रडत होत्या.

सर त्यांच्यासमोर खाली बसले. "नाही अम्मा. आजार मी सांगितला, जेवण सांगायचं राहिलं. चूक माझी आहे." सर मान वर करत नव्हते. मला ते बघवलं नाही.

तेव्हापासून दवाखान्यात शेगडी आहे. असा रोगी आला की मालकानं सरांसमोर मऊ भात आणि थोडं पनीर रांधून दाखवायचं, मगच घरी जायचं. शिकवायला नरसम्मा येतात. पुढं कितीतरी पिल्लं वाचली. एखादं दुडदुडत घरी निघालं की नरसम्मा पदर डोळ्यांना लावतात आणि सर खिडकीबाहेर बघतात. राजाचं दुःख दोघांचंही सरलेलं नाही.

पंच्याहत्तरीत सरांचे हात थरथरतात, शस्त्रक्रिया आता मी करते. जेवण मात्र तेच बघतात. सिद्धरामेश्वर त्यांना निरोगी, उदंड आयुष्य देवो. राजाची वाटी नरसम्मांनी घरी नेलीच नाही; आजारी पिल्लाला पहिला घास तिच्यातूनच मिळतो. ती वाटी रोज भरो आणि तिच्यासमोर मांडी घालून बसलेले सर आम्हाला रोज दिसोत.