हातभर कुपा

मासळीचा भाव काढण्याआधी मावशी स्वतःचा हात तिच्याशेजारी ठेवायची. कोपराजवळ हिरवं गोंदण होतं, तिथे माशाचं तोंड आणि मधल्या बोटाच्या टोकापाशी शेपटी. शेपटी बोटापर्यंत आली नाही की ती टब पायाने बाजूला सारायची आणि म्हणायची, "हा अजून पोर हाय. एकदा तरी अंडी टाकू दे त्याला, मग आन." तारापूरच्या अलीकडच्या त्या किनाऱ्यावर लिलाव पुकारणारी ती होती. तिने पुकारला नाही तर माल विकायला दुसरीकडे न्यावा लागे. त्यामुळे तिच्या हाताला सगळे तांडेल, म्हणजे बोटींचे प्रमुख, वचकून असत.

मी तिथे मासे मोजायला जात असे. वडील कारखान्यातल्या नोकरीपायी साताऱ्याकडून आले आणि आम्ही सालवडला राहिलो. समुद्र दोन घटकांच्या वाटेवर, पण मला बांगडा आणि कुपा यांतला फरक नोकरी लागल्यावर कळला. मत्स्यखात्याचं कंत्राटी काम होतं. बोटी लागल्या की लाकडी मोजफळीवर मासा ठेवायचा, लांबी लिहायची, पोट फाडून अंड्यांची गाभोळी आहे का बघायचं. पहिल्याच दिवशी मावशीने मला आपादमस्तक न्याहाळलं आणि विचारलं, "या फळीचा पगार मिलतो तुला? माझा हात फुकट हाय." तेव्हापासून मी 'मोजपट्टी मॅडम' झाले. किनाऱ्यावरच्या सगळ्या बायका मला त्याच नावाने हाक मारत.

पापलेटच्या मुलखात कुप्याला, म्हणजे ट्यूनाला, फारसं कोणी विचारत नाही. मांस लाल, वास उग्र, लग्नाच्या जेवणात त्याला जागा नाही. पण बाहेरच्या कंपन्या तो घेऊ लागल्या, तशा बोटी लांब जाऊ लागल्या, जाळी बारीक आसाची, लहान भोकांची झाली आणि हाताएवढेही नसलेले कुपे टब भरभरून येऊ लागले. मावशीला ते सहन होईना. "माझा नवरा कुपा खांद्यावर टाकून आनायचा," ती सांगे. "शेपटी गुडघ्याला लागायची. आता ओंजलीत मावतो. पुढल्या सालाला काय, वाटीत आननार?" नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती. त्याच्याबद्दल ती एवढंच बोलायची, तेही कुप्याच्या निमित्ताने.

तिचं म्हणणं पटवायला आम्ही दोघी एक हंगामभर फिरलो. मी सरकारी पत्रक वाचून दाखवायची, ती मध्येच थांबवायची. "ते कागद ऱ्हाऊ दे. यांना मी सांगते." मग ज्याला त्याला त्याच्या वडिलांच्या मासळीची आठवण करून द्यायची, कोणाच्या तरी आईचं नाव घेऊन लाज काढायची. दोन-तीन तांडेलांनी मोठ्या आसाची जाळी घेतली. बाकीचे तोंडावर हो म्हणत आणि लहान माल टबाच्या तळाशी, बर्फाखाली लपवून आणत. मावशी सरळ कोपरापर्यंत हात बर्फात घालायची. हात बधिर होऊन लाल व्हायचा, मग चहाचा पेला दोन्ही तळव्यांत धरून बसायची.

तिचा मुलगा हेमंत स्वतः तांडेल होता. एका सकाळी त्याची बोट भरून आली. टब उतरले, मावशीने हात लावला. सगळे मासे चार बोटं कमी. आजूबाजूचे लोक गप्पा थांबवून बघायला लागले, कारण सगळ्यांना बघायचं होतं की पोटच्या पोराला माप लागतं की नाही.

"मी नाय पुकारनार," मावशी म्हणाली.

"आये, ही गेदर हाय," हेमंत म्हणाला. "कुप्याच्या जातीतली, पन ही एवढीच वाढते. पोर नाय ही."

"सगलेच असं बोलतात." मग ती माझ्याकडे वळली. "मॅडम, तूच सांग. लहान हायत ना?"

मी मासा उचलला. छातीच्या पराखाली काळे ठिपके होते, पाठीवर नागमोडी रेघा होत्या. माझ्या पुस्तकात ते चित्र होतं. हेमंत बरोबर बोलत होता, हे मला त्या क्षणी कळलं होतं. पण एवढ्या लोकांसमोर तिला खोटं पाडायचं, तेही तिच्या मुलासाठी? उद्यापासून सगळा किनारा हसला असता आणि हंगामभराची मेहनत पाण्यात गेली असती. असं मी तेव्हा स्वतःला समजावलं. खरं सांगायचं तर मी घाबरले.

"मापात बसत नाहीत," मी म्हटलं.

हेमंतने माझ्याकडे एकदा पाहिलं. टब टेम्पोत चढवले आणि तो निघून गेला. तो अपमान पुढेही त्याच्या मनातून गेला नाही; महिनाभरात त्याने बोट दुसऱ्याच्या हवाली केली आणि गुजरातच्या बंदरात एका मोठ्या बोटीवर कामाला लागला.

त्या मालातला एक मासा मी नमुना म्हणून ठेवून घेतला होता. त्याच दुपारी मावशीने तो माझ्यासाठी विळीवर कापला. पोटातून भरगच्च, पिवळी गाभोळी बाहेर आली. अंडी धरलेली, पुरी वाढलेली मादी. मावशी बराच वेळ बघत राहिली. मग गाभोळी तशीच विळीवर ठेवून ती हात धुवायला उठली. 

दुसऱ्या दिवशी लिलावाआधी ती टबावर चढून उभी राहिली. "काल मी चुकली," ती म्हणाली. "गेदरीला कुप्याचं माप लावलं. हेमंत बरोबर होता." मागून कोणीतरी हसलं. "हस. पन चुकली म्हनून माप सोडनार नाय. आजपासून मापं दोन. गेदरीला ईतभर आनि वर चार बोटं. पिवल्या पंखाच्या कुप्याला हातभर कमीच पडतो, त्याला दोन हात." तिचा आवाज जरासुद्धा कापला नाही. आदल्याच दिवशी पोटच्या पोराला चारचौघांत परत पाठवलेली बाई हे बोलते आहे, असं नवख्याला वाटलंही नसतं.

ती मापं टिकली. सगळ्यांनी नाही पाळली, पण लहान पिवळा कुपा आमच्या किनाऱ्यावर उघडपणे विकायला कोणी आणेनासं झालं. पुढची दोन वर्षं मी रोज तिच्याशेजारी बसून मोजत होते. ती मला चहा द्यायची, माझ्या लग्नाची चौकशी करायची, पालघरच्या बाजारातून आणलेल्या बांगड्या मला जबरदस्तीने घालायची. त्या सकाळचा विषय तिने एकदाही काढला नाही. मीही काढला नाही.

गेल्या उन्हाळ्यात ताप आला म्हणून तिला बोईसरच्या दवाखान्यात नेलं. चार दिवसांत ती गेली. हेमंत पोचला तेव्हा सगळं आटोपलं होतं. दहाव्याला मी गेले. विधी झाल्यावर तो किनाऱ्यावर एकटाच उभा होता.

"परत का नाही आलात, दादा?" मी विचारलं.

"यंदा पावसाल्याची मासेमारीची बंदी लागली की येनार होतो. बोटी वर वडल्या की कायमचाच. तसं तिला बोललोबी होतो."  ती गेली तेव्हा बंदी लागायला तीन आठवडे राहिले होते.

मला राहवलं नाही. "दादा, त्या दिवशी मला माहीत होतं. ती गेदर होती. मी मुद्दाम बोलले नाही."

"ठाव हाय," तो म्हणाला. "मी गेल्यावर लगेच आये आलेली तिकडं. गाडीत बसून, एकटीच. सगल्या खलाशांसमोर म्हनली, मी चुकली. तुमचंबी बोलली. म्हनली, पोरीला दिसत होतं, पन माझ्या धाकाला भ्याली. त्यात तिचा काय दोष? तिला कधी इचारू नको."

मला रडू आवरेना. तो अवघडून पाण्याकडे बघत राहिला.

म्हणजे ती दोन वर्षं सगळं माहीत असून माझ्या शेजारी बसत होती. मुलगा किनारा सोडून गेला त्यातला माझा वाटाही तिने स्वतःवर घेतला आणि मला त्याचा पत्ता लागू दिला नाही. हेमंत आता इथेच आहे, आईच्या जागेवर दुसरी बाई लिलाव पुकारते, दोन्ही मापं चालू आहेत. मला मात्र अजून वाटतं की तिने मला एकदा तरी विचारायला हवं होतं. मी तिला खरं सांगितलं असतं की नाही, ते मला आता कधीच कळणार नाही.