लोणच्याच्या बरणीतली फळमाशी

लग्न होऊन मी नाशिकजवळच्या एका खेड्यात आले, तेव्हा सत्तरचं दशक संपत आलं होतं. मी शहरातल्या एका शाळेत जीवशास्त्र शिकवायची आणि सासरी पेरूची बाग होती. सासऱ्यांना सगळं घर नाना म्हणायचं, मीही म्हणू लागले. मोजकं बोलणारा माणूस, पण झाडांवर जीव. पावसाळ्यात आमचे पेरू बाहेरून पिवळेधमक दिसायचे आणि कापले की आत अळ्या वळवळायच्या. ढगाळ हवा लागली की फळ आतूनच किडतं, असं नानांचं म्हणणं. पावडरी धुरळून थकल्यावर त्यांनी पावसाळी पेरू नशिबावर सोडून दिला होता.

मी सांगून पाहिलं, की ही एक माशी असते, ती सालीला भोक पाडून आत अंडी घालते. नानांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि बैलांना पाणी दाखवायला उठून गेले. वर्गातली मुलं निदान वहीत लिहून तरी घेतात.

मग मी सासूबाईंकडे लोणच्याची रिकामी काचेची बरणी मागितली. कशाला, ते सांगितलं नाही. तळाला चाळलेली माती, तिच्यावर किडके पेरू, तोंडाला मलमलीचं फडकं. दोन दिवसांनी मी त्यातला एक पेरू ताटलीत काढून बघत होते, तर एक मोठी अळी अंगाची कमान करून टुणकन उडाली आणि शेजारी तांदूळ निवडत बसलेल्या सासूबाईंच्या सुपात पडली. त्यांनी सूप माझ्यापुढे सरकवलं, आता तूच निवड म्हणाल्या, आणि बरणी स्वयंपाकघरातून ओसरीवरच्या कोनाड्यात गेली. नाना चहाला त्या कोनाड्यासमोरच बसत, हे माझ्या पथ्यावर पडलं.

अळ्या मातीत शिरल्या. चार दिवसांनी माती उकरून मी नानांना गव्हाच्या दाण्यांसारखे तपकिरी कोश दाखवले. तेव्हापासून चहा घेताना त्यांची नजर बरणीकडे जाऊ लागली. पुढच्या आठवड्यात मी शाळेतून परतले, तर ते बरणीपुढे उकिडवे बसलेले. आत फडक्याला दहाबारा माश्या चिकटल्या होत्या. तांबूस, गांधीलमाशीसारख्या बारीक कमरेच्या, पाठीवर पिवळे पट्टे.

"फडकं तर बांधलेलं होतं. बाहेरून काय आत गेलं नाय," ते म्हणाले.

"नाही."

"म्हंजे खत होईल म्हणून मी किडके पेरू झाडाबुडी टाकतो, तिथंच ह्या जन्मतात."

मी हो म्हटलं. त्यांनी बरणी उचलून उजेडात धरली. मग म्हणाले, "इतकी वर्षं मीच पाळल्या, सूनबाई." आणि हसू लागले. त्यांना इतकं हसताना मी पहिल्यांदाच पाहत होते.

दुसऱ्या दिवसापासून पडलेलं फळ रोज वेचायचं, खोल खड्ड्यात टाकून वर माती दाबायची, आणि झाडाखालची जमीन वरवर उकरायची, म्हणजे कोश उघडे पडून उन्हानं नाहीतर पाखरांच्या चोचीनं संपतील, असं ठरलं. पण शेजारच्या बागेत पेरूंचा सडा तसाच असायचा, आणि त्या शेजाऱ्याशी नानांचं बांधाच्या वादावरून बोलणं बंद होतं. नाना बरणी पोटाशी धरून त्यांच्याकडे गेले. वादाचा विषयच काढला नाही, नुसती बरणी ओट्यावर ठेवली आणि सगळं समजावून सांगितलं. शेजाऱ्यांनी नीट बघायला फडकं सोडलं, तशा माश्या त्यांच्याच बागेत उडून गेल्या. नाना रिकामी बरणी घेऊन परतले, बरोबर शेजारी, आमच्या खड्ड्याची खोली बघायला.

तुळशीचा शोध मात्र सासूबाईंचा. खोकल्याच्या काढ्यासाठी त्या अंगणात तुळशीची पानं ठेचत होत्या, तर खलाभोवती माश्याच माश्या. त्यांनी मला हाक मारली, "तुझ्या लेकी आल्या बघ." मी काही काडेपेटीत भरून शाळेत नेल्या आणि भिंगाखाली पाहिल्या. एकीलाही अंडी घालायची नळी नव्हती, सगळे नर.

"लेकी नाहीत, जावई आहेत," मी घरी येऊन सांगितलं.

तुळशीच्या वासाला भुलून येणारे नर मारले, तर माद्यांची अंडी उबणार नाहीत, हे नानांना लगेच पटलं. करवंट्यांत ठेचलेली पानं आणि फवारणीचं थेंबभर औषध घालून त्या झाडांना टांगायच्या ठरल्या. तेव्हा सासूबाई अडल्या. वृंदावनातल्या तुळशीनं जीव मारायचे नाहीत, म्हणाल्या. दोन दिवसांनी तोडगा त्यांनीच काढला. बांधावर वेगळी रोपं लावायची. त्यांना पाणी घालायचं, हळदकुंकू नाही.

पुढच्या पावसाळ्यात अळ्या पार गेल्या असं नाही, पण टोपलीतले बहुतेक पेरू चांगले निघाले, शेजाऱ्यांचेही. मग आजूबाजूचे शेतकरी आपापल्या बागेतल्या माश्या काडेपेटीत घालून माझ्या शाळेत दाखवायला येऊ लागले. एका म्हाताऱ्या बाबांनी फार जपून आणलेली माशी साधी घरातलीच निघाली. तरी मी ती त्यांना सूक्ष्मदर्शकातून दाखवली. त्यांनी बराच वेळ पाहिलं, मग दुसरा डोळा लावून पुन्हा पाहिलं.

"लय देखणी हाय," ते म्हणाले, आणि माशी परत काडेपेटीत घालून घरी घेऊन गेले, म्हातारीला दाखवायला.