वरून ‘बस’ म्हणणारा माणूस

मितालीचा फोन आला तेव्हा मी कळंबोलीच्या लोखंड बाजारातल्या आमच्या ऑफिसात होतो. “मामा, बाबा गेले. सकाळी चहा ठेवायला उठले आणि...” ‘निघालोच’ म्हणून मी उठलो. जिना उतरताना मनात पहिला विचार आला तो असा, की गाडीचं माउंटिंग राहिलंच. दीड महिना झाला, हे मी कुणाला सांगितलेलं नाही.

भावोजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. जासईच्या कंटेनर यार्डात क्रेन आणि फोर्कलिफ्ट दुरुस्त करण्यात त्यांची सगळी नोकरी गेली. ताई पाच वर्षांपूर्वी गेली, मिताली लग्न होऊन पुण्याला, आणि जुन्या पनवेलच्या घरात ते आणि त्यांची वीस वर्षांची पांढरी गाडी एवढेच उरले. त्यानंतर आमचं नातंही त्या गाडीपुरतंच राहिलं. तिला काही झालं की मला फोन. गॅरेजचं नाव काढलं की म्हणायचे, “तो काय, पान्याच्या जागी हातोडी मारंल. आपल्या दोघांचं काम हाय ते.”

इंजिन ज्या रबरी बैठकीवर बसतं ते हे माउंटिंग. रबर फाटलं की गाडी उभ्या उभ्या थरथरते. हे काम आम्ही याआधी दोनदा अंगणात केलं होतं. इंजिनच्या बुडाशी असलेल्या तेलाच्या टाकीखाली लाकडाचा ठोकळा, त्याखाली जॅक. त्यावर इंजिनाचा भार घ्यायचा, जुनं रबर काढून नवं बसवायचं आणि इंजिन इतकंच वर न्यायचं की बोल्टसाठी भोकासमोर भोक येईल. मी खाली उकिडवा बसून जॅक मारणार, ते वर बॉनेटमध्ये वाकून भोकात बोट घालणार. मला भोक दिसत नाही, त्यांना जॅक दिसत नाही. “घे वर... अजून... हळू रं, हापिसातला हात तुझा, सही करतोयस काय... बस!” त्या ‘बस’वर हात थांबला की बोल्ट सुरकन आत जायचा. मग तो हातानंच फिरवून ठेवायचा, भार उतरवून इंजिन जरा चालू द्यायचं, ते आपल्या जागी बसलं की मगच आवळायचा. आधी आवळला तर नवं रबरही पिळवटतं. या बाबतीत ते माझ्यावरही विश्वास ठेवत नसत.

तर ते जायच्या नऊ दिवस आधी, शनिवारी, त्यांचा फोन आला. “माउंटिंग आणलंय. उद्या येशील का?” मी म्हणालो, उद्या पुण्यात आहे, ऑफिसचं काम. काम काही नव्हतं. मला कंटाळा आला होता. कामाचा नव्हे... कामानंतरच्या चहाचा. तास-दोन तास ताईच्या त्याच त्या आठवणी, उठू लागलो की “बस रं, जाशील.” मी पण तिचा भाऊच होतो, आणि मला ते ऐकवत नव्हतं. “बरं, मंग येशील तवा,” एवढंच ते म्हणाले.

रविवारी बायको माहेरी होती. मी मोठ्यानं टीव्ही लावून मॅच बघत बसलो. संध्याकाळी दार उघडलं तर कडीला वालाच्या शेंगांची पिशवी. तोंड तांब्याच्या बारीक तारेला पीळ देऊन बांधलेलं. यार्डातल्या वायरी सोलून काढलेली ती तार, दुसरं कुणी तशी पिशवी बांधत नाही. माझी स्कूटर खाली उभी होती. दाराबाहेर टीव्ही ऐकू येत होता. ते दोन जिने चढले, उभे राहिले आणि बेल न वाजवता उतरून गेले.

मी फोन करायला हवा होता. आठ दिवस मिळाले होते. शेंगा आम्ही खाल्ल्या.

दहाव्याला मिताली माझ्याजवळ येऊन बसली. “मामा, तू वाईट वाटून घेऊ नको. त्या रविवारी बाबांना फोन केला होता मी. म्हणाले, शेंगा देऊन आलो, मामा भेटला नाय, पुण्याला गेलाय. तुला तरी काय माहीत?” म्हणजे माझं खोटं त्यांनी लेकीपुढेही सांभाळलं. मी मान हलवली. त्यांच्या माघारी तेच खोटं मी पुन्हा एकदा बोललो, तोंड न उघडता.

गाडी तिनं मलाच दिली. डिकीत नवं माउंटिंग खोक्यात तसंच, तो ठोकळा आणि घडी घातलेला माझा जुना शर्ट, मी कामाला घालायचो तो. मागच्या रविवारी त्यांच्या अंगणात एकट्यानं काम काढलं. जॅक मारायचा, उठून वाकून बघायचं. भोक अर्ध्या चंद्रासारखं दिसायचं. खाली बसून अजून थोडं मारलं की इंजिन जास्त वर. सोडलं की जास्त खाली. असं किती वेळा केलं कोण जाणे. शेवटी जॅकचा दांडा हातात धरून नुसता बसून राहिलो, वरून आवाज यायची वाट बघत.

तेल लागलेल्या हातानंच मितालीला फोन केला. म्हणालो, मी पुण्यात नव्हतो. घरी होतो, आणि ते दारापर्यंत आले होते. हेही म्हणालो, की माउंटिंग एकट्यानं बसत नाही, वरून ‘बस’ म्हणायला कुणीतरी हवं. तिनं फोन ठेवला नाही. मग म्हणाली, “या रविवारी मला जमणार नाही, मामा.” आणि ठेवला.

तेव्हापासून बॉनेट लावलेलं आहे, पण खाली ठोकळ्यावर इंजिन तसंच उचललेलं आहे. तो रविवार उद्या आहे. मी जाऊन जॅकजवळ बसेन.