खांबापाशी सांगायची गोष्ट

खाण चालू होती तेव्हा त्याला सगळे रेडिओ म्हणायचे, कारण त्याच्या तोंडाचा पट्टा बंद करायचं बटण कुणालाच सापडलं नव्हतं. पुढे खाण बंद पडली, गाव ओस पडलं. मग कुणाच्या तरी डोक्यात आलं की तांबं संपलं असलं तरी बोगदे शिल्लक आहेत, तेच लोकांना दाखवू. गाईड म्हणून रेडिओशिवाय दुसरा कोण मिळणार होता? पूर्वी बडबडीबद्दल शिव्या खायचा, आता त्याच बडबडीचा पगार घेऊ लागला.

येणारे बहुतेक पाठीवर पिशवी आणि खिशावर हात ठेवून फिरणारे. एकाच तिकिटात जुनी खाण, तिच्या पोटात लागलेली नैसर्गिक गुहा आणि मागचा धबधबा, असा सगळा स्वस्तातला मामला होता. मुक्कामाला कामगारांच्या जुन्या खोल्या होत्या. त्यातल्या चार रेडिओची वहिनी भाड्याने द्यायची. लोखंडी खाट, स्वच्छ चादर, सामाईक न्हाणीघर आणि सकाळचा चहा फुकट. रेडिओ त्याच ओळीत शेवटच्या खोलीत राहायचा आणि दोन्ही वेळा वहिनीकडे जेवायचा. त्याने लग्न केलं नव्हतं. थोरला भाऊ खाणीत गेल्यापासून जगात आपलं म्हणावं असं त्याला हे एकच माणूस उरलं होतं.

आणि त्या थोरल्याच्या मरणाची गोष्ट तो रोज लोकांना सांगायचा.

खोल आत, लाकडी खांबांवर छत तोललेलं होतं तिथे तो सगळ्यांना थांबवायचा आणि दिवे बंद करायला लावायचा. लोखंडाचे खांब का नाही, असं कुणीतरी विचारायचंच. मग तो अंधारात सांगायचा, लोखंड मुकं असतं, लाकूड मोडण्याआधी करकरतं. खांब बोलला की हातातलं टाकून पळायचं, हा खाणीतला कायदा. एवढं बोलून तो खांबावर नख घासायचा आणि लोकांची पाचावर धारण बसायची. त्या दिवशी खांब बोलला, थोरल्याने धाकट्याला पुढे ढकललं आणि छत खाली आलं. ‘जा, मी आलोच,’ हे थोरल्याचे शेवटचे शब्द मात्र रेडिओने मागाहून जोडले होते. थोरला काहीच म्हणाला नव्हता. पण त्या शब्दांवर बायकांचे हुंदके ऐकू यायचे, म्हणून ते टिकले.

घरी या विषयाचं नाव कधी निघालं नाही. खाणीत बाईने पाऊल टाकायचं नाही असं जुने लोक मानायचे, आणि आता मुभा असूनही ओळीतली एकही बाई तिकडे फिरकत नव्हती. त्यामुळे रेडिओ निर्धास्त होता.

एका दुपारी वाढता वाढता वहिनी म्हणाली, “उद्या मी येते खाली.”

“तिथे काय बघायचंय, वहिनी? ओल आणि अंधार.”

“लोक पैसे देऊन बघतात ते. काल त्या दोन नंबरच्या खोलीतल्या मुलीने मला गोष्ट सांगितली. माझ्याच घरची आहे, ते तिला माहीत नव्हतं. रडत होती बिचारी. मीच तिला पाणी दिलं.”

रेडिओचा घास तोंडातच फिरू लागला. नवऱ्याचं मरण विकून हा पोट भरतो, असं तिच्या मनात आलं असेल तर? उद्यापासून कुठल्या तोंडाने या घरात यायचं?

दुसऱ्या दिवशी वहिनी तिकीट काढून, डोक्यावर हेल्मेट चढवून घोळक्यात सगळ्यांच्या मागे उभी राहिली. रेडिओने खांबांपाशी न थांबता पुढे निघायचं ठरवलं होतं. पण एकाने हटकलंच, “काका, ती भावाची गोष्ट इथलीच ना?”

दिवे विझले. रेडिओने गोष्ट सांगितली, पण खांबाला हात लावला नाही, आणि ते शेवटचे शब्दही गाळले. गोष्ट चटकन संपली. कुणी हुंदका दिला नाही.

मग मागून आवाज आला, “त्यांचं घरी कोणी होतं का?”

रेडिओने वहिनीचा आवाज ओळखला. इतकी वर्षं त्याने लोकांना खांब सांगितला, धूळ सांगितली, स्वतःचा फुटलेला गुडघासुद्धा सांगितला. तिला एकदाही सांगितलं नव्हतं.

“बायको होती,” तो म्हणाला.

“तिला कोणी कळवलं?”

“मी गेलो होतो. दारात उभा राहिलो, पण शब्द फुटेना. तिने माझ्याकडे बघितलं, माझ्या मागे बघितलं. मग मला हात धरून आत बसवलं. दोघांचं जेवण झाकून ठेवलेलं होतं. त्यातलं माझं ताट तिने माझ्यापुढे सरकवलं आणि मी जेवेपर्यंत समोर बसून राहिली. रडली नंतर.”

कुठेतरी पाणी ठिबकत होतं.

“मग तेही सांगत जा, भाऊजी,” वहिनी म्हणाली.